बारकोडकाका

सकाळची फर्स्ट शिफ्ट. सीएनसीवर मालाची बिन भरली की ऑपरेटर ओरडतो, “काका, एक स्टिकर मारा!” प्लॅनिंगच्या काचेमागून उत्तर येतं, “स्टिकर नव्हे, लेबल. स्टिकर पोरांच्या वहीवर असतात.” आधी ही दुरुस्ती मिळते, मग लेबल.

भोसरी एमआयडीसीतला आमचा बुश आणि शाफ्ट करणारा कारखाना. मी क्वालिटीत होतो, काका प्लॅनिंगमध्ये. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा काय होता देव जाणे; शॉपवर सगळे त्यांना बारकोडकाका म्हणत. पुढे मी चाकणला गेलो, मग रांजणगावला, आणि दोन्हीकडे मला हाच माणूस भेटला. गळ्यात दोरीने लटकणारा चष्मा तोच, मनगटाजवळ बाहीला चिकटून राहिलेलं चुकीचं लेबल तेच, आणि “सिस्टीमला आहे का?” हा प्रश्नही तोच.

या प्रश्नापुढे कुणाचं काही चालत नसे. जे सिस्टीमला नाही ते जगात नाही, असा काकांचा अद्वैत सिद्धांत होता. एकदा मी चारशे बुशच्या बिनीला टेकून उभा होतो आणि त्या लॉटचं इन्स्पेक्शन कधी लावायचं, एवढंच विचारत होतो. काकांनी स्क्रीन पाहिली. म्हणाले, “हे चारशे बुश नाहीत.”

“मग मी टेकलोय कशाला?”

“ते प्रॉडक्शनला विचारा.”

तरी हे लेबलांचं दुखणं काकांनी ओढवून घेतलेलं नव्हतं, ते ईआरपीने दिलं होतं. सॉफ्टवेअर आलं तेव्हा सर्व्हरपुढे नारळ फुटला, पेढे वाटले. त्यात ऑर्डर होत्या, स्टॉक होता, कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी आहे तेही होतं. फक्त बिनीला लावायची चिठ्ठी नव्हती. जॉबची माहिती हवी तर ए-फोर कागदावर रिपोर्ट निघे: वर कंपनीचं नाव, मधोमध दोन ओळी, खाली “पान १ पैकी १”, बाकी सगळं माळरान. ऑपरेटर त्याची चौघडी करून बिनीत खोचायचे. दुपारपर्यंत कूलंट पिऊन त्याचा लगदा व्हायचा आणि मग कोणता माल कोणत्या हीट नंबरचा, म्हणजे धातूच्या कोणत्या घाण्यातला, हे फक्त परमेश्वराला ठाऊक. सॉफ्टवेअरवाल्यांना लेबलचं विचारलं. त्यांनी कोटेशन पाठवलं. साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

मग काकांनी तीन रविवार घालवले. कुणी शिकवलं नव्हतं, पुतण्याच्या कॉलेजचं एक पुस्तक होतं. अ‍ॅक्सेसमध्ये एक फॉर्म बांधला, तो ईआरपीच्या डेटाबेसला जोडला. जॉब नंबर टाका, एंटर मारा, की शंभर बाय पन्नास मिलिमीटरचं लेबल बाहेर: पार्ट नंबर, हीट नंबर, नग, पुढचं ऑपरेशन, खाली बारकोड. त्या तीन रविवारांवर पुढची अकरा वर्षं कारखाना उभा होता. तो पीसी मात्र कुणी शिवायचा नाही. आयटीचा मुलगा “काका, अपडेट टाकायचाय” म्हणत आला की काका खुर्ची फिरवून पीसी आणि त्याच्या मध्ये येत. “चालत्या गाडीला खीळ घालायला आलास का बाळा?”

त्यांचा खरा वैरी होता एक्सेल. कुणीतरी जॉबची यादी एक्सेलमधून पाठवायचा आणि ००४५१२ चा ४५१२ होऊन यायचा. काका उसळायचे. “डावीकडच्या शून्याला किंमत नाही हे शाळेत ठीक आहे. इथे त्या दोन शून्यांशिवाय माल गेटबाहेर पडत नाही!” आणखी एक पार्ट नंबर होता, ५-८. एक्सेलने तो एका क्षणात ५ ऑगस्ट करून टाकला. त्या दिवशी दोनशे शाफ्टवर तारीख छापून आली आणि स्टोअरवाल्याने गंभीरपणे विचारलं, “काका, हे एक्स्पायरी आहे का?”

बारकोड त्यांचा कोड ३९ होता. त्यात मजकुराच्या पुढेमागे एकेक तारा लागतो; तो नसेल तर रेषा छान दिसतात, पण स्कॅनर ढिम्म हलत नाही. काका त्या ताऱ्यांना जय-विजय म्हणत. आयटीआयमधून आलेल्या एका पोराने एकदा फॉर्मशी खेळताना दोन्ही द्वारपाल उडवले. सेकंड शिफ्टभर मुकी लेबलं छापली गेली. काका सकाळी आले, एक लेबल हातात घेतलं आणि नुसते म्हणाले, “वैकुंठ उघडं टाकलंस रे.”

नव्या पोरांना ते एक कथा ऐकवत. अफझलखानाच्या वधाला लागतो तसला आवाज लावून. २६ जून १९७४, अमेरिका, ओहायो राज्य, ट्रॉय गाव, सुपरमार्केटचं काउंटर, आणि रिग्लीच्या च्युइंगगमचं पाकीट. आज दुकानात दिसतो त्या यूपीसी बारकोडने विकली गेलेली पहिली वस्तू. दर २६ जूनला काका सगळ्यांना एकेक च्युइंगगम वाटत. शॉपवर तोंडात काही ठेवायला बंदी, म्हणून सगळे ते खिशात ठेवत, आणि गेटवर झडती घेणारा वॉचमन दरवर्षी तेवढाच चक्रावत असे.

प्रिंटरचं तर सोवळंच होतं. रोल बदलला की तो दोन लेबलांमधली फट ओळखायला चारपाच कोरी लेबलं बाहेर टाकतो. काका त्याला नैवेद्य म्हणत आणि ती फेकू देत नसत. रिबन घालताना बोलायचं नाही. हेड कापसाने पुसायचं, तेही स्पिरिट लावून, एकाच दिशेने.

एवढं सोवळं पाळणाऱ्या माणसाने खंडेनवमीला जे केलं ते मला आजही उमगलेलं नाही. सगळ्या मशिनी पुसल्या, झेंडू बांधले, आणि काकांनी भक्तिभावाने प्रिंटरचं झाकण उघडून थेट आत हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याची सुट्टी संपून काम सुरू झालं आणि प्रत्येक लेबलवर वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ यायला लागली. कुंकवाच्या रव्याने हेडवर चरा पडला होता. बारकोडमधली एक बारीक काडी नेमकी त्या रेघेत गडप व्हायची. स्कॅनर गप्प, डिस्पॅच ठप्प. नव्या हेडचा इंडेंट परचेसमध्ये गेला आणि तिथेच विसावला.

काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अख्खं लेबल काटकोनात फिरवलं. आता बारकोडच्या काड्या आडव्या, रेघ त्यांना छेदून जाणारी. एकही काडी पुरती नाहीशी होत नाही, रेघ टाळून कुठेही मारला तरी स्कॅनर वाचतो. फक्त अक्षरंही आडवी झाली. शॉपवरचे ऑपरेटर, स्टोअरवाला, मी, सगळे मान उजवीकडे टाकून लेबलं वाचायला लागलो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कारखान्याची मान अवघडली आहे.

डिसेंबरात कस्टमरचं ऑडिट आलं. ऑडिटरने बिनीपाशी थांबून मान कलती केली आणि विचारलं, लेबल असं का? साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी काकांकडे. काका शांतपणे म्हणाले, “वाचनीयता वाढते.” ऑडिटरने लिहून घेतलं.

मार्चमध्ये त्या कस्टमरचं नवं सप्लायर मॅन्युअल आलं. त्यात लेबलचं चित्र होतं, आडवं, आणि खाली सूचना की सर्व पुरवठादारांनी हीच पद्धत पाळावी. त्याच आठवड्यात परचेसने नवं हेड आणलं.

काकांनी ते कपाटात ठेवलं आणि कपाटाला लेबल लावलं. आडवं.