कानसेन, मुक्काम शिर्डी

शिर्डीत हार-प्रसादाच्या दुकानांच्या प्रत्येक ओळीत एक तरी कानसेन असतो. वय पंचविशी ते साठी कितीही, शिक्षण नववीपाशी अडलेलं, कपाळाला अष्टगंध. घोळका येताना दिसला की हा मान तिरकी करतो, डोळे बारीक करतो आणि शेजारच्याला सांगतो, "तेलुगू. खम्मम साइड."

खम्मम कुठून काढलं, हे विचारायचं नाही.

त्याला तेलुगू येत नाही, तमिळ येत नाही. नुसती ओळखू येते. रागातलं ओ की ठो न कळता भैरवी सुरू झाली की चपला शोधायला उठणारे रसिक असतात, त्यातला प्रकार. त्याच्या मते तेलुगूचा शब्द स्वरावर उतरतो आणि मधूनमधून 'अंडी' घालतो. मल्याळम नाकातून, तेही घाईत. बंगाली तोंड गोल करून. ओडिया तशीच, पण शब्दाचं शेपूट न तोडता. (हे मात्र खरं आहे. आपण 'जगन्नाथ' म्हणताना 'थ' अर्धाच सोडतो, पुरीचा माणूस शेवटचा 'अ' पुरता वसूल करतो.) तुळू म्हणजे आजारी कन्नड. कन्नड की तेलुगू असा घोळ झाला, तर "बॉर्डरचे आहेत."

गिऱ्हाइकाशी बोलून भाषा कळत नाही, हे त्याचं खरं संशोधन. समोर आलं की सगळा भारत हिंदी बोलतो. पोरगं गर्दीत सुटलं, चप्पल सापडेना, हाराचा भाव ऐकून नवरा-बायको कुजबुजू लागले, की आतली भाषा बाहेर पडते. तासभर हिंदीत घासाघीस करणारा माणूसही नोटा मोजतो त्या आईच्याच भाषेत. त्यामुळे हा बोलतो कमी आणि कान देतो तो कुजबुजीला. भाव कितीवर तुटणार, तेही त्याला तिथेच कळतं.

निम्मं श्रेय अर्थात रेल्वेचं. काकिनाड्याची गाडी कधी, चेन्नईची कधी, हावड्याची कधी, हे याला आरतीच्या वेळांइतकं पाठ. गाडी लेट झाली की याचा कानही लेट होतो. २०१७ साली काकडीला विमानतळ झाला तेव्हापासून तो जरा नाराज आहे. विमानातून उतरलेले आपसात इंग्रजी बोलतात, आणि त्यात कसली आलीय परीक्षा!

याच जिल्ह्यात, नगरजवळ मेहेराबादला, इराणपासून अमेरिकेपर्यंतचे भक्त येतात. एवढी मेजवानी असून तिकडे जायचं तो टाळतो. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत सोडलं नाही, आणि त्यांचे भक्तही दर १० जुलैला मौन पाळतात. मौन कोणत्या भाषेतलं, हे त्याला अजून सांगता येत नाही.

बाकी हार मानणं त्याच्या रक्तात नाही. अगदीच काही कळलं नाही, तर "ओडिया" म्हणायचं.

परवा कांजीवरम नेसलेल्या एक आजी नातवाला रागावत आल्या. "तमिळ," याने लगेच निकाल दिला. मग कान टवकारले, कपाळाला आठी पडली. सूर पक्का तमिळ, शब्द भलतेच. आजी तंजावरच्या, सतराव्या शतकात भोसल्यांच्या राज्याबरोबर तिकडे गेलेल्या मराठी घराण्यांपैकी. घरात अजून मराठीच बोलतात, तमिळच्या चालीवर.

"ओडिया," याने निकाल फिरवला.

आजींनी नारळाचा भाव विचारला. मराठीत.

"पचास रुपया, अम्मा."

आजींनी पुन्हा, सावकाश, शब्द सुटा करून विचारलं. तेही मराठीतच. याने हात जोडले.

"माफ करना अम्मा, हमको ओडिया नहीं आता."