मान फुकट, अपमान रोख

आमच्या बिदर जिल्ह्यात माणसाला मानानं जेवायचं असेल, तर त्यानं खिशात पैसे ठेवू नयेत. बिदरला गुरुद्वारा नानक झिरा साहिबमध्ये जावं, डोक्याला रुमाल बांधावा आणि लंगरच्या पंगतीत बसावं. वाढणारा वाकून वाढतो, पुन्हा पुन्हा फिरून विचारतो, आणि गुरू नानकांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या झऱ्याचं पाणी आजतागायत फुकट आहे. तिथून हुमनाबादजवळ माणिकनगरला यावं, माणिकप्रभूंच्या संस्थानात प्रसादाला बसावं. एवढ्यानंही भूक उरली तर कलबुर्गीत शरणबसवेश्वरांच्या देवळातला दासोह आहेच. बसवकल्याण तर आमच्याच जिल्ह्यात. कष्टानं मिळवावं आणि मिळवलेलं चार माणसांच्या मुखी घालावं, हे बसवण्णांनी तिथंच बाराव्या शतकात सांगितलं. यातल्या एकाही ठिकाणी तुम्हाला कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही आणि मुख्य म्हणजे मोबाइल नंबर विचारत नाही.

ज्याला अपमान हवा असेल, त्यानं मात्र पैसे घेऊन निघावं. माणशी तीनशे रुपये तरी असावेत. त्याखाली चांगल्या दर्जाचा अपमान मिळत नाही.

आमच्या खटकचिंचोळीत ही सोय अजून झालेली नाही, म्हणून कलबुर्गीला जावं लागतं. हायकोर्टाचं खंडपीठ तिथं, मोठे दवाखाने तिथं. आमच्या मामांचं जमिनीचं काम होतं. वकिलांनी पुढची तारीख सांगितली, तोवर दुपार टळली आणि पोटात कावळे ओरडायला लागले. समोर एका जगप्रसिद्ध साखळीचं चकचकीत दुकान होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्याचंही बिल येईल. आत काचेमागं तीन काउंटर. दोन बंद, एकावर एक पोरगा, आणि त्याच्यासमोर देवदर्शनाला असावी तशी रांग. फरक इतकाच, की देवळात पुढं गेल्यावर देव आपल्याकडं बघतो अशी निदान श्रद्धा असते. हा पोरगा मशीनकडं बघत होता.

“काय काय हाय रं लेकरा?” मामांनी विचारलं.

लेकरानं मान वर न करता डोक्यावरच्या फलकाकडं बोट केलं. फलक इंग्रजीत. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि बिदर म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आमच्याकडं मराठी की कन्नड हा वाद चालू आहे. आयोग आले, मोर्चे निघाले, निवडणुका झाल्या. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कर्नाटकाचा कायदाही २०२४ मध्ये झाला. काउंटरनं मात्र हा वाद एका फटक्यात मिटवला: बाहेरच्या पाटीवर कायद्यापुरतं कन्नड, आत दोन्हींपैकी एकही नाही. सीमाभागातल्या दोन्ही बाजूंना समान वागणूक मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

“सिंगल की मील? मीडियम की लार्ज? चीज ॲड करू? डेझर्ट?” पोरानं एका दमात विचारलं. मामांना वाटलं, उलटतपासणी अजून संपलेली नाही. ते सवयीनं “होय” म्हणत गेले आणि प्रत्येक होयला बिल वाढत गेलं. पाणी मागितलं तर बाटली आली. तिचे पैसे छापील किमतीपेक्षा जास्त.

इथं कायदा सांगतो. हॉटेलवाल्यांनी बाटलीबंद पाण्याला एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर चालतील, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं. कारण असं की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बाटलीसोबत सेवाही देतं. बसायची जागा, वातावरण, आदरातिथ्य वगैरे. मामा उभे होते, कारण बसायला जागा नव्हती. वातावरण एसीचं होतं, पण एसी बंद होता. राहिलं आदरातिथ्य. ते त्या बाटलीत असावं, असं समजून आम्ही ती पिऊन टाकली.

मग टोकन आलं. पडद्यावर आपला नंबर दिसला की जाऊन घ्यायचं. आमचा नंबर दिसला, ‘तयार’ असा हिरवा झाला आणि नाहीसाही झाला. बर्गर कुठंच नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, की पदार्थ किती सेकंदांत तयार झाला हे वरती मोजलं जातं, म्हणून तो तयार होण्याआधीच तयार झाल्याचं दाखवायचं असतं. सरकारी योजना कागदावर पूर्ण होतात, हे आम्हाला पाठ आहे. बर्गरही कागदावर पूर्ण होतो, हे नवीन. आला तेव्हा तो फलकावरच्या फोटोपेक्षा इतका लहान होता, की मामांनी आधी त्याचं वय विचारलं.

खाऊन झाल्यावर ट्रे उचलायचा, उरलेलं डब्यात टाकायचं, टेबलावर सांडलं असेल तर आपणच पुसायचं. म्हणजे ऑर्डर नेणारा मी, ताट आणणारा मी, खरकटं काढणारा मी. त्या दुकानात त्या दिवशी सगळ्यात जास्त काम केलेला वेटर मीच होतो, आणि पगार मीच देत होतो.

आता कुणी म्हणेल, फास्ट फूड असंच असतं, त्यात सेवा कसली मागता? म्हणून थोडा इतिहास. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनो नावाच्या गावी १९४८ साली मॅक्डोनाल्ड बंधूंनी आपलं चाललेलं हॉटेल बंद करून नव्या पद्धतीनं उघडलं. गाडीपर्यंत ताट नेऊन देणाऱ्या पोरींना काढलं. बशा आणि काटे-चमचे काढले. पंचवीसेक पदार्थांचे नऊ केले. पण त्याचबरोबर तीस सेंटचा हॅम्बर्गर पंधरा सेंटला केला. म्हणजे सौदा रोखठोक होता: वेटर आम्ही काढतो, किंमत निम्मी करतो, आणि अर्ध्या मिनिटात हातात देतो. गिऱ्हाईकानं थोडं कष्ट करावं, त्याचे पैसे त्याला परत मिळतील.

हाच सौदा आमच्या राज्यात बेंगळुरूच्या दर्शिनींनी १९८०च्या दशकात केला. उभ्यानं खा, ताटली आपणच उचला. पण इडली गरम, कॉफी कडक आणि दर खिशाला झेपेल असा. मुंबईत तर १९६६ पासून दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव विकून तोच सौदा पाव कापून दाखवला. वडापाववाला कधी ‘वेलकम’ म्हणत नाही. हसत तर नाहीच. पण दहा हात पुढं आले तरी कुणाला तिखट, कुणाला गोड, कुणाचे सुटे किती, हे त्याला टोकनाशिवाय लक्षात राहतं. त्याच्या फटकळपणाबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही, कारण सौदा त्यानं पाळलेला आहे.

आपल्याकडं आलेल्या साखळ्यांनी या सौद्यातलं निम्मं कलम आणलं आणि निम्मं बंदरावरच सोडलं. वेटर गेला, किंमत मात्र राहिली. राहिली कसली, चढली. पुण्या-हैदराबादेत तर आता काउंटरचा पोरगाही जायला लागलाय. ऑर्डर आपणच पडद्यावर बोटानं घालायची. किंमत तरीही तिथंच.

आपण मूळ प्रश्नावर नेहमी उशिरा येतो, ही आपली परंपराच. जानेवारी १९९६ मध्ये प्रा. एम. डी. नंजुंडस्वामींच्या रयत संघानं बेंगळुरूत केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानाची मोडतोड केली. मुद्दे मोठे होते: शेतकरी, परकी भांडवल, देशी अन्न. काउंटरवर किती वेळ उभं करतात, हा मुद्दा त्यात नव्हता. अनुभव यायचा होता.

परकी नको म्हणून देशी फास्ट फूडकडं वळावं, तर आमच्याकडं त्याचा अर्थ एकच: गोबी मंचुरियन. भालकी असो की हुमनाबाद, संध्याकाळी गाड्यावर ‘फास्ट फूड’ लिहिलेलं असतं आणि कढईत गोबी असते. मंचुरियन नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात शोधलं म्हणतात. मंचुरियाला अजून पत्ता नाही. या गाड्यावर सेवा विचाराल तर पहिल्या नंबरची. गाडीवाला लांबून हाक मारतो, “या काका, बसा, मामी कशा हायत?” स्टूल पुसून देतो, वर कांदा मागायच्या आधी घालतो. गडबड फक्त रंगाची. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबीचे १७१ नमुने तपासले, त्यातल्या १०७ मध्ये घातक कृत्रिम रंग सापडले आणि तसल्या रंगांवर बंदी आली. त्याआधी गोव्यात म्हापसा पालिकेनं गोबीच्या गाड्यांवरच बडगा उगारला होता. म्हणजे आमच्यापुढं निवड अशी: गाड्यावर गेलो तर गोबीला नको इतका रंग, साखळीत गेलो तर माणसाच्या तोंडाला रंगच नाही.

साखळीतली खरी सेवा जेवण झाल्यावर सुरू होते. त्यासाठी बिलाआधीच मोबाइल नंबर मागून ठेवतात. द्यायलाच हवा असं काही नाही. नंबरासाठी अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. पण मामांनी दिला. तेव्हापासून मामांना रोज मेसेज येतो: तुमचा अनुभव कसा होता? पाचपैकी किती तारे? मामांच्या सख्ख्या पोरानं वर्षात जितक्यांदा चौकशी केली नसेल, तितक्यांदा त्या दुकानानं केली. समोर उभे होते तेव्हा कुणी बघितलं नाही, घरी आल्यावर मात्र त्यांच्या मताशिवाय कंपनीला झोप नाही.

बसून जेवायच्या हॉटेलांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं वेटर आहे, पण त्याच्या असण्याचं भाडं ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून बिलात आपोआप चिकटतं. असा चार्ज आपोआप लावता येणार नाही आणि दुसऱ्या नावानंही घेता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी हरल्या. सेवा मोफत देण्याविरुद्ध इतकी वर्षं भांडणारा धंदा सेवा देण्यासाठी किती झटत असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आता थोडं गंभीर. त्या काउंटरवरच्या पोराला मी इतका वेळ नावं ठेवली, तर मामांनी परतीच्या बसमध्ये मला गप्प केलं. “अरं, त्यो आपल्याकडलाच हाय. बोलताना कळलं न्हाई का?” खरंच होतं. भालकी, औराद, बसवकल्याणची पोरं कामासाठी हैदराबादला जातात, पुण्याला जातात, कलबुर्गीला जातात. टोप्या घालून त्या काचांमागं उभी राहतात ती हीच. हाच पोरगा चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीला बुंदीची परात घेऊन फिरतो आणि ‘नको नको’ म्हणणाऱ्याच्या पानात दोनदा वाढतो. त्याला वाढणं शिकवावं लागलेलं नाही. घरातून घेऊनच तो आला. तीन काउंटरचं काम एकट्याच्या गळ्यात बांधून, डोक्यावर सेकंद मोजणारं घड्याळ लावून आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला डेझर्ट विकायची सक्ती करून कंपनीनं त्याला ते विसरायला शिकवलं. दिवसभर उभं राहून त्याच्या पायांना गोळे येतात, आणि आपण त्याच्यावर खेकसून एक तारा देऊन येतो. त्या एका ताऱ्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो, ज्यानं दोन काउंटर बंद ठेवले त्याला नाही.

तेव्हा पोराशी भांडू नका. त्याच्याशी मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, दखनीत बोला. एकदा तरी तो मान वर करील. भांडायचं असेल तर बिलाशी भांडा. वेटर काढला असेल तर किंमत निम्मी करा, किंमत निम्मी होत नसेल तर वेटर परत ठेवा, एवढीच आमची मागणी आहे. ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. तेवढाही वेळ नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथं मराठीही चालतं आणि कन्नडही.