पानशेतात गेलं

आमच्या सोसायटीतले एक काका लिफ्टमध्ये भेटले की पानशेत फोडतात. तळमजल्यावर पानशेत, दुसऱ्यावर खडकवासला, आणि चौथ्यावर मी उतरेपर्यंत लकडी पूल पाण्याखाली! धरण फुटून पुण्यात पूर आला १२ जुलै १९६१ला, काकांचा जन्म १९६३चा. हे एकदा हळूच सुचवून पाहिलं, तर म्हणाले, "आमच्याकडचं पाणी ओसरायला वेळ लागला." तेव्हापासून मी जिन्याने जातो.

खरं तर त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नाही. मी ज्या आजीच्या हाताखाली वाढलो, तिच्यापुढे हे काका म्हणजे नळाची गळती. आजी पूर सांगत नसे, वापरत असे. घरातली जी वस्तू सापडायची नाही, ती पानशेतात गेलेली. चांदीचं तबक, आजोबांच्या सायकलचा बिल्ला, आत्याची पत्रिका, आजीने माहेरून आणलेली वाजवायची पेटी. इथवर ठीक. पण १९७८ साली मोड घालून घेतलेला स्टीलचा डबाही पानशेतातच गेला. मिक्सरचं झाकण गेलं. टीव्हीचा रिमोट तर आठवड्यातून दोनदा वाहून जायचा आणि तिच्याच उशीखाली काठाला लागायचा. पुरणयंत्राची चाळणी शेजारच्या काकूंनी नेली होती, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. "पानशेतात गेली," आजी म्हणाली आणि पुरण पाट्यावर वाटायला बसली.

जन्मदाखलाही अर्थात पुरातच गेलेला. त्यामुळे वय सोयीचं. बसमध्ये जागा हवी असली की ८५, भोंडल्याला ७८. २०२१ साली लस द्यायला नेलं, तर नर्सबाईंनी आधार कार्ड मागितलं.

"पानशेतात गेलं हो."

नर्सबाई जेमतेम पंचविशीच्या, पण पुण्याच्या. "मग पॅन कार्ड तरी वाचलं का, आजी?" एवढंच त्यांनी विचारलं.

बरं, आमचा वाडा सदाशिव पेठेत, वरच्या अंगाला. पाणी तिकडे फिरकलंसुद्धा नव्हतं! मला हे कळलं तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या. त्या दिवशी आजी पोरांना घेऊन पर्वतीवर गेली, पाणी पाहिलं, खाली येऊन पिठलं टाकलं. धुऊन गेलं ते तिच्या नणंदेचं घर, नारायण पेठेतलं. नणंद चार पोरांसकट आमच्या दोन खोल्यांत आठ महिने राहिली. खडकवासला फुटल्यामुळे गावाचे नळ आटलेले, वाड्यातल्या विहिरीवर पहाटेपासून रांग, आणि आजी बारा माणसांचं पाणी शेंदत होती. गंमत म्हणजे त्या आत्याआजीच्या तोंडून मी पुराचं अक्षरही कधी ऐकलं नाही.

आजीला गाणं कळतं असा आम्हाला कुणाला संशय नव्हता. फक्त रेडिओवर नाट्यगीत लागलं की भाकरी थापता थापता तिचा डावा हात परातीच्या काठावर सरकायचा आणि पिठाची बोटं एकेक करून उठायची, पडायची. "काय करतेस गं?" विचारलं की हात पुन्हा पिठात.

२०२२ साली ती गेली. किती वर्षांची होऊन, ते ठरलं नाही. तेराव्यानंतर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. वर नऊवारी, मध्ये डांबराच्या गोळ्या, तळाशी खणात गुंडाळलेला जन्मदाखला. पाण्याचा एक डाग नाही. त्याच्या घडीत बुधवार पेठेतल्या एका दुकानाची पावती होती. जून १९५९. जुनी पेटी एक, रुपये ११०.

मोठे काका कॉलेजात गेले ते त्याच जूनमध्ये.

माझा चुलतभाऊ म्हणाला, "अहो काका, पण पेटी तर..."

काकांनी पावतीची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून खिसा दाबला.

"पानशेतात गेली," ते म्हणाले.