जंगल खात्यातली मुलगी

॥ श्री ॥

अरुशा, टांझानिया

तीर्थरूप अण्णा आणि तीर्थरूप सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. आम्ही तिघं इकडे खुशाल. जावई कामात बुडालेले. तुमची नात शाळेत स्वाहिली बोलते, घरी मराठी आणि भांडताना अस्सल बुऱ्हाणपुरी हिंदी. ही तिसरी भाषा ती सुट्टीत कोणाच्या मांडीवर बसून शिकली, ते अण्णांनी आठवून बघावं.

पत्रास कारण की, आत्याचा फोन आला होता. अण्णा म्हणे बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यात सगळ्यांना सांगत असतात, "धाकटी आफ्रिकेत जंगल खात्यात आहे." अण्णा, जंगल खात्यात क्वार्टर मिळतं, भत्ता मिळतो आणि साहेब म्हणायला निदान एक शिपाई असतो. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी ट्रॅव्हल कन्सल्टंट आहे. पैसेवाल्यांना आफ्रिकेचं जंगल बघायचं असतं. त्यांनी कुठल्या महिन्यात यावं, कुठल्या तंबूत झोपावं, कुठल्या विमानात बसावं आणि कुठल्या रंगाचे कपडे घालू नयेत, हे ठरवून देणं माझं काम. इंदूरच्या ऑफिसात असताना चारधामच्या बसमध्ये खिडकी कोणाला आणि मागची सीट कोणाला, यावरची भांडणं मीच सोडवायचे ना? आताही तेच करते. फरक एवढाच की खिडकीबाहेर हत्ती असतो आणि भांडण डॉलरमध्ये होतं.

आई, तू विचारलं होतंस, "तंबूला एवढे पैसे कोण देतं?" देतात गं. सेरेंगेटीतल्या वरच्या दर्जाच्या कॅम्पात माणशी एका रात्रीचे हजार डॉलर सहज पडतात. तेवढ्यात भिंत नाही, कुंपण नाही, कडी नाही. दाराला चेन असते, ती ओढली की दार लागलं. अंधार पडल्यावर तंबूतून जेवायला एकट्याने जायचं नाही. कॅम्पचा माणूस टॉर्च घेऊन न्यायला येतो, कारण वाटेत रानम्हैस चरत असू शकते.

आणि आंघोळ तर ऐकच. फिरत्या कॅम्पांत नळ नसतो. आपण वेळ सांगायची. त्या वेळी एक माणूस चुलीवर तापवलेलं पाणी बादलीने आणतो, तंबूमागे उंच टांगलेल्या पिशवीत ओततो आणि बाहेरून हाक मारतो, "पाणी तयार!" आत गिऱ्हाइकाने साखळी ओढायची आणि त्या वीसेक लिटरमध्ये साबणासकट सगळं उरकायचं. डोक्याला फेस असताना पाणी संपलं तर पुन्हा हाक मारायची. मुंबईच्या एका बाईंनी मला लिहिलं की आयुष्यात इतकी सुंदर आंघोळ झाली नव्हती. पाण्याची मोटार जळाली की आपल्या वाड्यात हाच अनुभव फुकट मिळायचा, पण मी धंद्यात आहे, गप्प बसले.

तुम्ही हसाल, पण हा धंदा आपल्याच गावात चारशे वर्षांपूर्वी जोरात होता. तापीपलीकडे जैनाबादचा आहूखाना म्हणजे मुघलांचं हरणांचं रान. आज तिथे बागेचे अवशेष उरलेत, तेव्हा शहजादे शिकारीला यायचे. बादशहाच्या स्वारीत तंबूंचे दोन पूर्ण संच असत. एका मुक्कामाला बादशहा असेपर्यंत दुसरा संच पुढे जाऊन उभा राही, त्याला पेशखाना म्हणत. गालिचे अंथरलेले, पाणी भरलेलं, स्वयंपाक चाललेला. बादशहाने यावं आणि टेकावं. आमचे फिरते कॅम्प हेच करतात. जनावरांचे कळप सरकतात तसे आमचे तंबू हंगामाप्रमाणे सेरेंगेटीच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे हलतात.

परदेशी पाहुण्याची तक्रारसुद्धा आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून बुऱ्हाणपुरात आला. त्याला सराईत चार खोल्या दिल्या. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की त्या भट्ट्यांसारख्या आणि तेवढ्याच लहान होत्या. शेवटी त्याने आपल्याच तंबूंचा आसरा घेतला. मला दर सोमवारी असे दोन-तीन टॉमस रो ईमेल पाठवतात. वाचताना मी मनात म्हणते, बाबा रे, तुझा पूर्वज आमच्या गावात राहून गेलाय, मला सवय आहे.

तिथलाच दुसरा दाखला मी गिऱ्हाइकांना देते. महागड्या कॅम्पात दारू भाड्यातच धरलेली असते आणि आपली माणसं पैसे वसूल करायच्या ईर्ष्येने संध्याकाळी बसतात. मग मी अकबराच्या मुलाची, दानियालची गोष्ट सांगते. बापाने दारूबंदी केली, तर याने शिकारीच्या बंदुकीच्या नळीतून चोरून मागवली, आणि बुऱ्हाणपुरातच त्याचा शेवट झाला. गोष्ट संपली की दोघे-तिघे तरी मसाला चहा मागतात.

आता मामाला निरोप. तो "घरचा भाव" मागतोय. आमच्याकडे भाव दोन असतात. रॅक रेट, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसणारा, आणि नेट रेट, म्हणजे कॅम्प आम्हाला देतो तो. मधल्या फरकात आमची चूल पेटते. मामासाठी मी चूल विझवीनही, पण सेरेंगेटीचं प्रवेश शुल्कच हंगामात परदेशी माणसाला रोजचं ७० डॉलर आहे, वर १८ टक्के कर. न्गोरोंगोरोच्या विवरात गाडी उतरवायची तर गाडीमागे २५० डॉलर वेगळे, त्यावरही कर. हे पैसे सरकार घेतं, आणि टांझानियाच्या सरकारला मामा माहीत नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे महिना ठरवणं. सेरेंगेटी आणि मसाई मारा मिळून साधारण १५ लाख विल्डबीस्ट वर्षभर गोल फिरतात. दाढीवालं, पाठ उतरती असलेलं हे हरीण, दिसायला जरा ओबडधोबडच. सोबत लाखो झेब्रे. फेब्रुवारीच्या आसपास ते दक्षिणेला असतात, तिथे काही आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात आणि थोड्याच मिनिटांत उभी राहून पळायला लागतात. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला मारा नदी ओलांडतात, खाली मगरी वाट बघत असतात. आणि आपल्या शाळांना सुट्टी कधी? एप्रिल-मे. म्हणजे नेमका इथला मोठा पाऊस, बरेच कॅम्प बंद, रस्त्यात चिखल. गिऱ्हाईक म्हणतं, "मॅडम, तुम्ही काहीतरी ॲडजस्ट करा." मी काय करू? पंधरा लाख जनावरांना सीबीएसईचं वेळापत्रक पाठवू?

नदीकाठी तर परीक्षाच असते. हजारो जनावरं काठावर येऊन थांबतात. एखादं पुढे होतं, पाण्याला नाक लावतं, आणि काही कारण नसताना सगळा जथा मागे फिरतो. पुन्हा येतो, पुन्हा फिरतो. यात दुपार जाते. गाडीतून मला मेसेज येतो, "नक्की किती वाजता उतरणार?" एकाने परत गेल्यावर लेखी तक्रार केली की सिंह दाखवला, पण झोपलेला दाखवला. सिंह दिवसाचे वीस-वीस तास झोपतो हो. त्याने जागं राहावं अशी त्यांची इच्छा असेल तर तसं त्याच्याशी बोलायला हवं, आणि त्या कामाचा भाव माझ्या यादीत नाही.

आपल्याकडून येणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न म्हणजे "वाघ दिसेल ना?" आफ्रिकेत वाघ नाही. सिंह आहे, बिबट्या आहे, चित्ता आहे. हे ऐकून एक गृहस्थ इतके खट्टू झाले की मला सांगावं लागलं, साहेब, वाघ बघायला मध्य प्रदेशात जा, माझं माहेर आहे. चित्त्याच्या बाबतीत तर आपल्या राज्यात उलटाच व्यवहार झाला. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते कुनोत नेले. त्यांच्या प्रवासाची तयारी ज्यांनी केली, त्यांना माझा नमस्कार. त्या प्रवाशांनी निदान जैन जेवण मागितलं नसेल.

जेवणाचं म्हणाल तर इथले आचारी आता कांदा-लसणाशिवायची भाजी सुद्धा झकास करतात. चपाती आणि समोसा इथे घरोघरी आहेत. केळ्यांची तर चंगळ. किलिमांजारोच्या उतारावर चग्गा लोकांच्या बागाच बागा आहेत, ते कच्च्या केळ्यात मांस शिजवून दाट सूप करतात. अण्णा, तुमच्या केळी बागायतदार मित्रांना हे सांगू नका, त्यांना जेवण जाणार नाही.

आणि गावाची ओळख इथेही पुरते बरं का. बाजारात कुलूप घेताना एका बोहरी दुकानदाराने गाव विचारलं. इंदूर, भोपाळ मला लोकांना नकाशावर दाखवावं लागतं. बुऱ्हाणपूर म्हटल्याबरोबर त्याने गल्ल्यावरून उठून स्वतःची खुर्ची मला दिली. तो आपल्या गावच्या दर्गा-ए-हकीमीला जियारतीसाठी येऊन गेलाय. मग अर्धा तास मावा जिलेबीवर बोललो आणि कुलपाच्या किमतीत त्याने मला खरोखरच घरचा भाव लावला. मामाला हे मात्र सांगू नका.

तर अण्णा, या धंद्याचं माझ्यापुरतं सार असं की सिंह कोणाच्याच हातात नाही, गरम पाणी मात्र आहे. लोक हजार डॉलर मोजतात ते जनावरांसाठी नव्हे, जनावरं सगळ्यांना सारखीच दिसतात किंवा दिसत नाहीत. ते मोजतात कोणीतरी आधी पुढे जाऊन सगळं लावून ठेवतं त्याचे. आणि ते लावणारे म्हणजे मी नव्हे. पहाटे चारला उठून पाणी तापवणारा तो पोरगा, आणि धुळीतल्या ठशांवरून बिबट्या कुठल्या झाडावर असेल ते सांगणारा ड्रायव्हर-गाइड. मी नुसती कागदावर वेळ लिहिते.

आता तुमचं. येत्या फेब्रुवारीत दोघांनी यायचंच. मुंबईहून नैरोबीपर्यंत विमानाने सहा-साडेसहा तास, तुम्हाला बुऱ्हाणपूरहून मुंबईला रेल्वेने त्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा लांब पडतं हे कारण चालणार नाही. सूचना नीट वाचा :

पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच घ्या, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, आणि पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत ठेवा. ते नसलं तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात.

छोट्या विमानात माणशी १५ किलो सामान, तेही मऊ बॅगेत. अण्णांची ती लोखंडी पेटी घरीच राहू द्या.

निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी नेमकी त्याच रंगांवर येते. अण्णांचा निळा सफारी सूट, नाव काहीही असलं तरी, सफारीला चालत नाही.

आई, लोणच्याच्या बरणीला तू प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळतेस, त्या इथे १ जून २०१९ पासून बंद आहेत. कापडात बांध. मावा जिलेबी टिकत नाही, दराबा आण.

तंबूचं भाडं मी बघते. तुम्ही पासपोर्टचा अर्ज या आठवड्यात भरा आणि भरल्याचा फोटो मला पाठवा. नुसतं "भरतो" म्हटलेलं चालणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी