अमरावतीच्या राजापेठेत राहून पोस्टडॉक कसे व्हावे?

साहित्य : पीएचडी एक, गाईडचा होकार एक, फेलोशिपचं मंजुरीपत्र एक, धीर लागेल तसा.

1. आधी खोली शोधा. घरमालक विचारतील, "शिकून राह्यले का नौकरी करून राह्यले?" "दोन्ही" म्हणू नका. म्हणालात तर भाडं नोकरदाराचं लागेल आणि रात्री दहाला फाटक बंद करायचा नियम विद्यार्थ्याचा.

2. आता ऑटोत बसा. राजकमल, पंचवटी करत तपोवनाच्या बाजूला संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ लागतं. नागपूर विद्यापीठातून ते 1983 साली वेगळं निघालं. वऱ्हाडाचे पाच जिल्हे त्याच्याकडे. उतरण्यापूर्वी 'इतर' या शब्दाचा सराव करा. देशातल्या कुठल्याही विद्यापीठाचा अर्ज घ्या, विद्यार्थी, शिक्षक, शिक्षकेतर असे रकाने सापडतील. तुम्ही तिन्हींत नाही. होस्टेल म्हणेल, तुम्ही विद्यार्थी नाही. क्वार्टरवाले म्हणतील, तुम्ही कर्मचारी नाही. दोघंही खरं बोलतात.

3. पैशाचं गणित पाठ करा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2023 मध्ये दर वाढवले : रिसर्च असोसिएटला, म्हणजे तुम्हाला, पायरीनुसार महिना 58,000, 61,000 किंवा 67,000 रुपये. घरभाडं वेगळं, महागाई भत्ता नाही. आकडा नातेवाइकांना सांगा; तो खात्यात कधी पडतो, हे फक्त किराणावाल्याला.

4. हुद्दे तोंडपाठ असू द्या. गाईड दौऱ्यावर गेले की तुम्ही सर. यंत्र अडलं की मेकॅनिक. पोरांचा प्रबंध अडला की दादा. पेपर छापून आला की नावांच्या रांगेत मधले.

5. मुदत साधारण दोन वर्षं धरा. पहिल्या वर्षी रसायनं येतात. दुसऱ्या वर्षी तुम्ही पुढचे अर्ज भरता. संशोधन मधल्या दिवाळीच्या सुट्टीत उरका.

6. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीची वाट पाहताना तासिका तत्त्वावरच्या मित्राला हसू नका. त्याच्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठीच रिकामी आहे.

7. लग्नकार्यात आत्या गाठेलच : "डाक्टर होऊन बी शिकूनच राह्यला का रे बाप्पा?" मान हलवा, जिलेबी घ्या.

शेवटची सूचना. ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ, त्या गाडगेबाबांकडेही पद नव्हतं. खराटा घेऊन ते आधी गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत. फरक एवढाच, की बाबांना त्यासाठी मुदतवाढ मागावी लागली नाही. तुम्हाला लागेल. अर्ज तीन प्रतींत आणा.