फाटक्या छत्रीनंतरचं आत्मवृत्त

मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाने दहावीपर्यंत बरीच आत्मवृत्तं लिहिलेली असतात. नदीचं, वडाच्या झाडाचं, पडक्या किल्ल्याचं आणि परीक्षेत हमखास येणाऱ्या फाटक्या छत्रीचं. छत्री स्वतःबद्दल भरभरून बोलायची. लिहिणाऱ्यानेही स्वतःबद्दल चार शब्द बोलावेत, असं मात्र कुणी सुचवलं नाही. 'मी पंतप्रधान झालो तर' होतं. पण पंतप्रधान न झालेल्या मुलाविषयी परीक्षकांना काडीचं कुतूहल नव्हतं.

हाच मुलगा सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी परदेशी एमबीएला जायचं ठरवतो. जीमॅट देतो. ती जमते, कारण तिथे एक उत्तर बरोबर असतं. मग स्टॅनफर्ड त्याला विचारतं, तुला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, आणि का? वर्षानुवर्षं त्यांचा हाच प्रश्न आहे आणि उत्तर साधारण ६५० शब्दांत द्यायचं असतं. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतसुद्धा इतकं खोलात कुणी शिरत नाही. पगार, फ्लॅट आणि मूळ गाव यांवर भागतं. हार्वर्डने २०२४ पासून एका मोठ्या निबंधाचे तीन छोटे केले, ३००, २५० आणि २५० शब्दांचे. त्यामुळे त्रास एक तृतीयांश होतो अशी कुणाची समजूत असेल, तर त्याने कधी अडीचशे शब्दांत काही सांगून बघितलेलं नाही.

माझा भाचा चाकणला एका कारखान्यात आहे. त्याच्या आईच्या मते मी 'मासिकांत लिहितो', म्हणून निबंध माझ्याकडे आला. इंग्रजी झकास होतं. त्याच्या टीमने विविध विभागांतल्या संबंधितांना एकत्र आणून असेंब्लीच्या प्रक्रियेत परिणामकारक सुधारणा घडवली होती. मी विचारलं, "टीम म्हणजे कोण रे?"

"मी आणि शिंदेकाका."

"आणि तू नक्की काय केलंस?"

"काही नाही हो मामा. टॉर्क रेंचचा रॅक उजवीकडे होता, तो डावीकडे घेतला. शिंदेकाका डावखुरे आहेत ना. दर गिअरबॉक्सला बिचारे गर्रकन वळायचे. मी दोन दिवस शेजारी उभा राहून बघत होतो."

आता सांगा, ह्यात विविध विभाग कुठे आले? कित्येक इंजिनिअर त्या रॅकवरून येऊन-जाऊन होते, आणि शिंदेकाकांचा हात कुठला चालतो ते ह्या पोराने पाहिलं. प्रवेश समितीला हवं ते हेच. पण त्याच्या दृष्टीने ते 'काही नाही' होतं. तसं वाटायला आपणच शिकवलेलं असतं. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत समर्थांनी स्वतःची स्तुती करणारा मूर्ख ठरवलाच, शिवाय त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगणाराही बसवला. म्हणजे निबंधाचे पहिले दोन परिच्छेद तिथेच बाद. उरते ती टीम. तिच्याआड लपायला बरं असतं.

अपयशाचं तर विचारूच नका. फ्रान्समधलं इन्सिआड अर्जात अभिमानाची गोष्ट विचारतं आणि तिच्या जोडीला फसलेलीही विचारतं. आपल्या घरांत अपयश नसतंच. बारावीला मार्क कमी पडले तर त्या वर्षी कावीळ झालेली असते. नोकरी सुटली तर 'त्यानेच सोडली'. भाच्याने अपयश म्हणून लिहिलं होतं की, मी कामात इतका झोकून देतो की स्वतःकडे दुर्लक्ष होतं. हे अपयश नव्हे, ही स्थळाच्या पत्रिकेसोबत पाठवायची माहिती आहे. हल्ली हे असलं सगळं गुळगुळीत करून देणारे सल्लागार गल्लोगल्ली मिळतात, फुकटात करून देणारी यंत्रंही आहेत. त्यांच्या हातून गेलेला रॅक पुन्हा विविध विभागांत जाऊन पडतो.

मला सगळ्यांत आवडतो तो ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा बिझनेस स्कूलचा प्रकार. स्वतःविषयीच्या पंचवीस गोष्टी लिहून पाठवा म्हणतात, कुठल्याही. वरवर पोरखेळ वाटतो, पण हा प्रश्न काढणारा पक्का मुरलेला असणार. पंचवीस हा आकडाच बेरकी आहे. पहिल्या सात-आठांत पदव्या, पदकं आणि बढत्या संपतात. मग छंद येतात: वाचन, ट्रेकिंग, हरिश्चंद्रगड. बाराव्यापाशी माणूस कोरडा पडतो आणि चहा करायला उठतो. पुढचं जे येतं ते खरं असतं, कारण सांगण्यासारखं दुसरं काही शिल्लक नसतं.

भाच्याच्या यादीत पंधरावं होतं की, त्याला अजून सायकलवरून हात सोडता येत नाहीत. अठरावं, आजोबा गेल्यावर त्यांची रेल्वेच्या वेळापत्रकांची थप्पी त्याने रद्दीत जाऊ दिली नाही. विसावे आले शिंदेकाका, रॅकसकट. आणि बाविसावं: 'आई फोनवर "बरं, ठेवते" म्हणाली की त्यानंतर पंधरा मिनिटं बोलते, आणि महत्त्वाचं सगळं त्या पंधरा मिनिटांत असतं.'

मी म्हटलं, वरच्या आठांतले चार काढ, ह्यातलं काही काढू नकोस. त्याने ऐकलं.

रात्री बहिणीचा फोन. "दादा, यादी वाचली मी. त्याचं सुवर्णपदक कुठे गेलं?"

"त्यानेच काढलं."

"आणि माझं फोनवरचं बोलणं ठेवलंय! ते अमेरिकेतले प्रोफेसर वाचणार?"

"वाचतील की."

"मग निदान पंधरा मिनिटं नको म्हणावं, पाच लिही. बरं, ठेवते."

त्यानंतर ती बोलली ते फीविषयी, गहाण ठेवायच्या फ्लॅटविषयी आणि पोरगं दोन वर्षांनी परत येईल का, याविषयी. मध्ये एकदा घड्याळाकडे पाहिलं, तर वीस मिनिटं झाली होती.