लाँचर स्क्रिप्टकारांस अनावृत पत्र

प्रति,
मुक्तस्रोत प्रणालींसाठी पॅकेज बांधणारे सर्व मान्यवर

विषय : शिरपूर जैन हे गाव सापडत नसल्याबाबत

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या यात्रेकरूंना शतकानुशतके बिनबोभाट सापडत आले असले, तरी आपल्या लाँचर स्क्रिप्टला ते सापडत नाही. 'सातबारा शिरपूर जैन.पीडीएफ' या फाइलवर क्लिक केले असता 'सातबारा', 'शिरपूर' आणि 'जैन.पीडीएफ' या तिन्ही फायली अस्तित्वात नाहीत, असा खुलासा पडद्यावर येतो. मागणी एकीची असताना नकार तिघींचा देण्याची ही तत्परता कोणत्याही कचेरीने हेवा करावा अशीच आहे.

लाँचर स्क्रिप्ट म्हणजे मेनूतील चिन्ह आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसविलेली काही ओळींची आज्ञावली; लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे सामाईक वापराचा तयार कोड, कोठे आहे हे सांगणे, प्रोग्रॅमला वारशाने मिळणारी पर्यावरण-चले ठरविणे आणि मग सूत्रे त्याच्या हाती देऊन बाजूला होणे, एवढेच तिचे काम. लिब्रेऑफिससारखा मातब्बर संचही लिनक्सवर शेल स्क्रिप्टमधूनच सुरू होतो, तेव्हा या अडत्याच्या गरजेविषयी वाद नाही. मात्र हाती आलेले पोते फोडून त्याचे तीन ढीग मांडणे हे अडत्याचे काम नव्हे. चिन्हाचे वर्णन करणारी डेस्कटॉप फाइल निवडलेले नाव अखंड पुढे देते. त्याची शकले होतात ती स्क्रिप्टमध्ये, कारण शेल, म्हणजे आज्ञा वाचून अमलात आणणारा प्रोग्रॅम, अवतरणात नसलेले मूल्य रिकाम्या जागेवर तोडतो. स्क्रिप्टला मिळालेली सर्व नावे ज्यात असतात त्या $@ या चिन्हाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घातली, की तोच शेल ती जशीच्या तशी पुढे पाठवितो. ही सोय १९७९ सालच्या बोर्न शेलपासूनची असल्याने ती आपणांपर्यंत पोहोचण्यास आणखी थोडा अवधी लागेल, हे समजण्यासारखे आहे.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. काही स्क्रिप्टांच्या आरंभीच 'एलसी_ऑल=सी' ही ओळ आढळते; वापरणाऱ्याने निवडलेली भाषा, अक्षरसंच व अंकलेखनाची रीत बाजूला सारावी, असा तिचा आदेश असतो. एखाद्या आज्ञेचे उत्तर ठरावीक इंग्रजी साच्यात मिळावे एवढाच त्यामागील हेतू असेल, तर ती त्या एका आज्ञेपुढे लिहिणे पुरते. पण तिला एक्स्पोर्टची, म्हणजे मूल्य पुढील प्रोग्रॅमला वारशाने देणाऱ्या आज्ञेची, जोड दिली, की मूळ प्रोग्रॅमही तिच्या अमलाखाली येतो. युटीएफ-८ या संकेतप्रणालीत 'वाशीम' हा शब्द पंधरा बाइटांचा होतो, आणि केवळ इंग्रजी अक्षरसंच मानणाऱ्या 'सी'च्या राज्यात ते पंधराही परके ठरत असल्याने पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग लागते. जावात लिहिलेल्या काही प्रोग्रॅमना तर अशी फाइल उघडताच येत नाही. वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी राहिलेल्या नगरास ओळख पटविण्याची ही वेळ प्रथमच आली असावी. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली 'बॉस' प्रणाली भारतीय भाषांसह आणली, मुक्तस्रोत प्रकल्पांच्या मराठीकरणावर अनेकांनी वर्षे वेचली, आणि त्या साऱ्यावर पाणी फिरविण्यास एक ओळ पुरली, यातील काटकसर मात्र वाखाणण्याजोगी आहे. (मेनूत मराठी नाव दिसावे म्हणूनही डेस्कटॉप फाइलमध्ये एकच ओळ लागते, ती सुचविणे आगाऊपणाचे ठरेल.)

फायलींना इंग्रजीत, जोडून नावे द्यावीत, हा आपला नेहमीचा सल्ला जिल्ह्यास मिळाला आहे. तथापि कारंजा लाड, शेलू बाजार आणि शिरपूर जैन यांच्या नावांतील रिकाम्या जागा बुजविण्याचा प्रस्ताव तूर्त कोणत्याही ग्रामसभेपुढे नाही.

आपले नम्र,
फायलींना मराठी नावे देण्याची खोड न सुटलेले
वाशीम जिल्ह्यातील संगणकधारक

सहपत्र : दुहेरी अवतरणचिन्हे, एक जोडी (परत करण्याची आवश्यकता नाही).